हेल्मेट का थरथरतं?

शहागंजच्या घड्याळापासून मोटारसायकलवर निघायचं आणि अजिंठ्याची लेणी पाहून संध्याकाळी घरी परतायचं, असा बेत तुमच्या घरी कधी झालाय का? शहागंज म्हणजे छत्रपती संभाजीनगरातला जुना, कायम गजबजलेला बाजार. निजामाच्या काळातलं ते घड्याळ ही त्याची खूण. तिथून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. दिल्ली दरवाजा, हर्सूल, चौक्याचा घाट, फुलंब्री, सिल्लोड अशी गावं मागे टाकत रस्ता जातो. पुढे बाबा, मागे तुम्ही, पाठीवर दप्तराच्या पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली!

शहागंजात गाडी कशीबशी वीसच्या वेगानं सरकते. हातगाड्या, रिक्षा, भाजीवाले, मध्येच उभी राहिलेली म्हैस. तिथे वारा लागतो कुठे? हर्सूल मागे पडलं की रस्ता मोकळा होतो, बाबा गाडी जरा पळवतात आणि मग गंमत सुरू होते. गंमत कसली, त्रासच म्हणा. तुमचं हेल्मेट थरथरायला लागतं. डोकं कुणीतरी दोन्ही बाजूंनी टपल्या मारून हलवतंय असं वाटतं. कानात घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज घुमतो. सिल्लोडला चहाला थांबलात की मान आंबलेली असते.

तुम्ही म्हणता, "बाबा, वारा फार लागतोय हो!"

बाबा म्हणतात, "कुठं रे? मला तर काहीच नाही."

आता खरं कोण बोलतंय? दोघंही! बाबांना खरंच फारसं काही जाणवत नाही, आणि तुमचं डोकं खरंच हलतंय. हे कसं, ते पाहू. त्यासाठी थोडं गणित लागेल, पण घाबरू नका, सातवीच्या पलीकडचं नाही.

वाऱ्याचा दाब काढायची रीत सोपी आहे. हवेची घनता, म्हणजे एका घनमीटर हवेचं वस्तुमान, सुमारे १.२ किलोग्रॅम. त्याच्या निम्मे घ्या आणि वेगाच्या वर्गानं गुणा. गाडी ताशी ३६ किलोमीटरनं चालली असेल तर ती सेकंदाला १० मीटर जाते. दहाचा वर्ग शंभर. ०.६ गुणिले १०० म्हणजे ६०. दर चौरस मीटरला ६० न्यूटन, सोप्या भाषेत सहा किलोच्या वजनाएवढा जोर. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. सेकंदाला २० मीटर. वर्ग चारशे. उत्तर येतं २४० न्यूटन, म्हणजे चोवीस किलोचा जोर! वेग दुप्पट झाला आणि वारा चौपट. मोठ्या माणसाची छाती आणि खांदे मिळून चौरस मीटरचा साधारण तिसरा हिस्सा धरला, तर ७२ च्या वेगाला बाबांच्या छातीवर आठेक किलोचा जोर पडतो. कमी नाही बरं का!

पण इथेच एक मजेची गोष्ट आहे. आठ किलोचा हा जोर एकसारखा असेल, तर माणसाला त्याचं विशेष काही वाटत नाही. भिंतीला टेकून उभं राहावं तसं तो वाऱ्याला टेकून बसतो. त्रास देतो तो जोराचा वारा नव्हे. त्रास देतो तुटलेला वारा. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

वारा तुटतो म्हणजे काय? पावसाळ्यात एखाद्या पुलावर उभं राहून खाली पाहा. पुलाच्या खांबापर्यंत पाणी कसं शहाण्यासारखं, सरळ येतं. खांबाच्या दोन बाजूंनी ते फुटतं, आणि खांबाच्या मागे काय होतं? भोवरे! एक उजवीकडे, एक डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पाण्यावर एखादी काडी तरंगत असेल तर ती या भोवऱ्यांत सापडून नुसती डोलत राहते. हवाही अगदी अशीच वागते. फक्त ती दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. रस्त्यावरून एसटी वेगानं गेली की तिच्या मागे धूळ आणि वाळकी पानं गरगर फिरत वर उठतात ना? ते एसटीनं मागे सोडलेले भोवरेच.

या भोवऱ्यांची एक छान गोष्ट आहे. साल १९११. जर्मनीतल्या गॉटिंगेन गावात प्रांटल नावाचे हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहांचे मोठे अभ्यासक होते. त्यांचा हिमेंझ नावाचा विद्यार्थी पाण्याच्या वाहत्या प्रवाहात एक गोल दांडा धरून त्यावरचा दाब मोजत होता. पण दाब काही केल्या एका जागी ठरेना, सारखा हेलकावे खायचा. दांडा नीट गोल नसेल म्हणून त्यानं तो घासून घासून गोल केला. पन्हळ सरळ नसेल म्हणून तीही नीट केली. तरी हेलकावे चालूच! त्याच प्रयोगशाळेत थिओडोर फॉन कार्मान हे तरुण शास्त्रज्ञ होते. ते रोज सकाळी हिमेंझला विचारायचे, आज तरी थांबलं का? तो बिचारा नाही म्हणायचा. शेवटी कार्मान यांच्या डोक्यात आलं, की चूक हिमेंझची नाहीच. दांड्यामागे भोवरे एकाआड एक सुटतात आणि ते दांड्याला हलवतात, हा निसर्गाचाच नियम असणार. त्यांनी गणित मांडून ते दाखवून दिलं. भोवऱ्यांच्या या दुहेरी रांगेला आज जगभर कार्मान यांचंच नाव आहे. हिमेंझ मात्र रोज दांडा घासून दमला!

(याच गॉटिंगेनला पुढे प्रांटल यांच्याच हाताखाली आपला एक मराठी माणूस शिकला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांच्या देखरेखीखाली बेंगळुरूला तयार झालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्ये उडालं. पण ती गोष्ट वेगळ्या लेखाची आहे.)

भोवरे सेकंदाला किती सुटतात, हेही काढता येतं. झेक शास्त्रज्ञ स्ट्रूहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला होता. त्यातून मिळालेला ढोबळ नियम असा : वाऱ्याच्या वेगाला अडथळ्याच्या रुंदीनं भागा आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्या. चार मिलिमीटर जाडीची तार, वारा सेकंदाला पाच मीटर. उत्तर येतं २५०. सेकंदाला अडीचशे भोवरे, म्हणून तार गुणगुणते. आता तारेऐवजी बाबांचे खांदे घ्या. चाळीस सेंटिमीटर रुंद, वेग सेकंदाला २० मीटर. उत्तर दहा! म्हणजे सेकंदाला दहाच्या आसपास गचके. माणसाचं अंग काही तारेसारखं गोल आणि गुळगुळीत नसतं, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होणार. पण हेल्मेट का थरथरतं, त्याचं उत्तर हेच. तार गाते आणि हेल्मेट थरथरतं, दोन्हींमागे गणित एकच.

आता बाबा आणि तुमच्यातल्या वादाचा निकाल लावू. बाबांच्या गाडीला पुढे काच नाही. आपल्या शहराजवळ वाळूजला बजाज ऑटोचा मोठा कारखाना १९८५ पासून आहे. तुमच्यापैकी काहींचे बाबा-काका तिथे कामाला असतील. तिथल्या बहुतेक साध्या मोटारसायकलींना पुढे काच नसते. बाबांच्या अंगावर येतो तो न तुटलेला, सरळ वारा. जोराचा, पण एकसारखा. तो बाबांच्या डोक्यावर आणि खांद्यांवर फुटतो, आणि त्या भोवऱ्यांत कोण बसलेलं असतं? तुम्ही! पुलाचा खांब म्हणजे बाबा आणि तरंगणारी काडी म्हणजे तुम्ही. म्हणून त्यांना काही नाही आणि तुमची मान आंबते. तेव्हा पालकहो, मागच्या सीटवरून तक्रार आली तर तिला लाडीगोडी समजू नका.

गाडीला काच बसवली तर? लांबच्या प्रवासाला निघणारे हौशी लोक हमखास बसवतात. आणि मग चकित होतात. छातीवरचा वारा थांबतो खरा, पण आता गचके चालवणाऱ्याच्याच डोक्याला बसायला लागतात! कारण काचेची वरची कड. सरळ आलेला वारा त्या कडेवरून फुटतो, आणि चुकीच्या उंचीची काच असेल तर सगळे भोवरे बरोबर हेल्मेटवर येऊन आदळतात. लोक काय करतात? आणखी मोठी काच आणतात. कधी फरक पडतो, कधी त्रास वाढतो. काचेचं काम छत्रीसारखं असतं असं आपल्याला वाटतं. पण पाऊस वरून खाली पडतो आणि संपतो. वारा मात्र छत्रीला वळसा घालून मागे येतो.

त्याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या काचेच्या मागे हवा विरळ होते, दाब कमी होतो. ही रिकामी जागा भरायला आजूबाजूची हवा वरून आणि बाजूंनी आत घुसते, गोल फिरते. पाठीमागून कुणीतरी हळूच पुढे ढकलतंय असं चालवणाऱ्याला वाटतं, ते यामुळे. म्हणून काचेच्या खालच्या बाजूला थोडी फट ठेवली, की खालून सरळ हवा आत शिरते, दाबातला फरक कमी होतो आणि भोवरे मवाळ होतात. वारा अडवण्यासाठी काच लावायची आणि मग तिच्याखालून थोडा वारा मुद्दाम आत सोडायचा! ऐकायला विचित्र वाटतं, पण महागड्या प्रवासी मोटारसायकलींच्या काचेत अशा फटी ठेवलेल्या असतात, त्या उगाच नाहीत.

उंचीचं म्हणाल तर दोनच पर्याय धड. एक, काच इतकी बुटकी की छाती झाकली जाईल आणि हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात राहील. दुसरा, काच इतकी उंच की कडेवरून उडालेला वारा हेल्मेटच्या वरून निघून जाईल. त्यातही काचेची कड नाकाच्या पातळीपर्यंतच हवी. नजर काचेवरून गेली पाहिजे, काचेतून नव्हे, नाहीतर पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसायचं नाही. मधली उंची सगळ्यांत वाईट. आणि बाबांना जी काच बरोबर बसते ती त्यांच्यापेक्षा बुटक्या काकांना बसेलच असं नाही. काच दुकानात पाहून ठरवता येत नाही ती यामुळेच.

कंपन्यांनाही हे सहज जमलेलं नाही. इटलीतल्या मोटो गुझी कंपनीनं १९५० च्या सुमारास मोटारसायकलींसाठी आख्खा पवनबोगदा बांधला. पवनबोगदा म्हणजे मोठ्या पंख्यानं वारा सोडायचा लांब दालनासारखा बोगदा. गाडी जागेवर उभी आणि वारा तिच्यावर धावतो! १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूनं आर १०० आरएस ही प्रवासी गाडी काढली, तिचं पुढचं सगळं कवच असं बोगद्यात पारखून घेतलेलं होतं.

मग पवनबोगदा नसणाऱ्या आपण काय करायचं? लोकर आणायची! कुठल्याही बाजारात मिळते. बोटभर लांबीचे दहा-बारा धागे कापायचे आणि चिकटपट्टीनं काचेच्या कडेला, टाकीच्या बाजूला, हेल्मेटच्या मागे चिकटवायचे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर बाबा बेताच्या वेगानं गाडी चालवतील. बाजूच्या गाडीत मागे बसलेल्या मोठ्या माणसानं मोबाइलवर चित्रण करायचं. धागा सरळ मागे ताठ उभा राहिला तर तिथे वारा स्वच्छ. धागा वळवळला किंवा उलटा पुढे आला, तर तिथे भोवरा. विमानं तपासणारे शास्त्रज्ञही पंखांवर असेच धागे चिकटवतात. या कामात तुम्ही धागे कापायचे आणि चित्रण पाहून नकाशा काढायचा. गाडी चालवायची नाही, हे सांगायला नकोच. गिअरची गाडी अठरा वर्षांनंतर.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. मागे बसताना बाबांच्या जवळ बसा. मध्ये फट जितकी मोठी, तितके भोवरे तिथे मोकळे नाचतात. बाजूनं मान काढून पुढचा रस्ता बघायचा मोह आवरा, कारण बाबांच्या खांद्याची कड हीच सगळ्यांत गचक्यांची जागा. दप्तराची लोंबणारी पट्टी, फडफडणारं जाकीट, सैल रुमाल, हे सगळं आवळून घ्या. ताई, तुझी ओढणी तर नक्कीच. ती वाऱ्यानं उडून मागच्या चाकात किंवा साखळीत गेली तर काय होतं, ते लिहवत नाही. सामान उंच रचू नका, दोन्ही बाजूंना खाली टांगा.

आणि हेल्मेट तुमच्या मापाचं असू द्या. मोठ्या दादाचं सैल हेल्मेट घालून बसलात तर वारा त्याला डोक्यावर फिरवतो. टपली दुप्पट लागते, आणि गाडी घसरलीच तर ते हेल्मेट डोक्यावर राहीलच याची खात्री नाही. आयएसआयची खूण पाहून घ्या, पट्टा लावा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं लागतंच. त्याहून लहानांसाठी सरकारनं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नियम काढला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल गाडीवर असेल, तर त्याला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत. वेगाची ही अट पाहून काही जण नाकं मुरडतात. मघाचं गणित आठवा. ३६ ला सहा किलो, ७२ ला चोवीस. एवढ्याशा मानेला चोवीसाचा हिशेब कसा झेपणार?

मोठ्यांच्या वेगाचंही तेच. अजिंठ्याचे शंभर किलोमीटर ऐंशीच्या वेगानं सलग गेलात तर सव्वा तास लागेल, साठनं एक तास चाळीस मिनिटं. पंचवीस मिनिटं उशीर. त्या बदल्यात वाऱ्याचा जोर जवळजवळ निम्मा, पंचावन्न टक्क्यांच्या आसपास उरतो. बाजारातली कुठलीही काच इतकं करत नाही. शिवाय लेणी कुठे पळून जाणार आहेत?

रस्त्यावर दोन जागा मात्र अशा, की तिथे सगळ्यांनीच सावध असावं. पहिली, ट्रक किंवा एसटीच्या मागची. तिथे वारा कमी लागेल म्हणून काही जण मागे चिकटून चालवतात. जवळ गेलं की मघाची पानं गरगरवणारे भोवरे आपल्याच अंगावर येतात, शिवाय पुढे खड्डा असला तर दिसत नाही. मोठा ट्रक समोरून आला की आधी हवेची लाट आपल्याला बाजूला ढकलते आणि ट्रक पुढे सरकला की लगेच आत ओढते. आधी ढकल, मग ओढ. हे माहीत असलेला चालक दचकत नाही. दुसरी जागा घाटाची. चौक्याच्या घाटात डोंगराच्या आडोशानं वारा थांबलेला असतो आणि वळण संपताच एकदम आडवा येतो. अशा वेळी बाबांना गोष्टी सांगायच्या नाहीत. कमरेला नीट धरून बसायचं. डोळ्यांवर झोप आली तर लाजू नका, खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला सांगा. गचके खाऊन खाऊन माणूस पेंगतो, हा दुबळेपणा नव्हे.

आता घरी करायचा प्रयोग. टेबलफॅन, बिस्किटांचं दोन्ही बाजूंनी उघडं रिकामं खोकं, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठा, प्लॅस्टिकचा चेंडू आणि शिवणाचा दोरा. वर्तमानपत्राच्या बोटाएवढ्या जाड नळ्या करून खोक्यात ठासून भरा. फॅनची हवा मुळात गरगरत येते, या नळ्यांमधून गेली की सरळ होते. खऱ्या पवनबोगद्यातही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती याचसाठी. नळ्यांसमोर हातभर अंतरावर पुठ्ठ्याची पंधरा सेंटिमीटरची काच उभी करा, तिच्यामागे काठीवर चेंडू. चेंडूला चारी बाजूंनी दोरे चिकटवा. फॅन सुरू करताना घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या आणि पात्यांच्या जाळीत बोट नको.

चेंडू आधी पुठ्ठ्याच्या खूप वर धरा, मग बरोबर कडेच्या रेषेत, मग खाली. दोरे कुठे ताठ राहतात आणि कुठे वळवळतात ते वहीत मांडा. वळवळणारा दोरा मोबाइलच्या मंदगती चित्रणात सेकंदाला किती वेळा हलतो ते मोजा. फॅनची हवा सेकंदाला तीन मीटर आली तर स्ट्रूहाल यांच्या नियमानं उत्तर चारच्या आसपास यायला हवं. मग पुठ्ठ्याच्या तळाशी दोन बोटं उंच फट कापा आणि पुन्हा मोजा. शेवटी पहिल्या चेंडूमागे दुसरा लहान चेंडू उभा करा. तो म्हणजे मागच्या सीटवरचे तुम्ही. त्याचे दोरे कसे नाचतात, ते बाबांना बोलावून दाखवा.